गाडीचा रंग फुगला, सोलला, डागाळला? पुन्हा घासण्याआधी दोष ओळखा

गाडीला रंग देऊन दोन महिने झालेले असतात. पहिला मोठा पाऊस होतो आणि दाराच्या खालच्या भागात मोहरीएवढे फोड उठतात. मालक म्हणतो, रंग हलका वापरला. पेंटर म्हणतो, गाडी उन्हापावसात उभी ठेवली. शेवटी काहीतरी तोड निघते, तेवढी जागा घासून वरून नवीन रंग मारला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात फोड परत येतात.

असं होतं, कारण दोष एका थरात असतो आणि दुरुस्ती दुसऱ्याच थरावर होते. बुलढाणा तालुक्यातलं धाड घ्या किंवा महाराष्ट्रातलं कुठलंही बाजाराचं गाव घ्या. अशा ठिकाणी डेंटिंग-पेंटिंग बहुतेकदा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर चालतं. बंद बूथ नसतो, त्यामुळे ऊन, ओल आणि धूळ थेट ओल्या रंगावर येते. पण बूथ असो वा नसो, रंगाचा प्रत्येक दोष स्वतःची खूण ठेवतो. ती वाचता आली तर चूक कोणत्या पायरीवर झाली, नुसत्या पॉलिशवर भागेल की पत्र्यापर्यंत जावं लागेल आणि खर्च कोणी करायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात.

## रंग म्हणजे एक थर नव्हे

कंपनीतून आलेल्या गाडीवर साधारण चार थर असतात. सगळ्यात खाली गंजरोधक ई-कोट. यासाठी गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग शेड देणारा बेसकोट आणि शेवटी चमक देणारा, उन्हापासून वाचवणारा क्लिअरकोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यात क्लिअरकोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. रबिंग-पॉलिश सारखं सारखं करू नये म्हणतात ते याचसाठी. दर वेळी याच थरातला थोडा भाग निघून जातो.

कंपनीत वरचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. गॅरेजमध्ये तसं करता येत नाही, कारण गाडीत सीट, वायरिंग आणि प्लास्टिक असतं. म्हणून तिथे हार्डनर मिसळून सुकणारा टू-के रंग वापरतात. चांगल्या बूथमध्ये तो सुमारे ६० अंशांवर अर्धा तास तापवतात, बूथ नसेल तिथे हवेवर सुकवतात. त्यामुळे गॅरेजच्या रंगाची भिस्त तीन गोष्टींवर असते. खालची जागा किती स्वच्छ होती, मिश्रणाचं माप बरोबर होतं का आणि दोन थरांमध्ये पुरेसा वेळ दिला का. पुढचे बहुतेक दोष या तिघांपैकी एकाशी जाऊन मिळतात.

## आधी तपासणी, मग पेपर

पेपर मारला की पुरावा गेला. म्हणून घासण्याआधी एवढं करा.

१. गाडी साबणाने धुऊन कोरडी करा आणि सावलीत न्या. पत्रा गरम असताना रंग पाहू नका.

२. मोबाईलची बॅटरी तिरकी धरून पाहा. समोरून न दिसणारे खड्डे, ओरखडे आणि पुट्टीच्या कडा तिरक्या उजेडात उठून दिसतात.

३. नखाने चाचपा. उंचवटा आहे की खड्डा? कडक आहे की दाबला जातो?

४. लहानसं चुंबक मऊ कापडात गुंडाळून फिरवा. पुट्टीच्या जाड थरावर (काही कारागीर तिला लांबी म्हणतात) त्याची पकड सैल होते. प्लास्टिकच्या बंपरवर आणि ॲल्युमिनियमवर ही चाचणी चालत नाही.

५. दोष कुठे आहे ते नोंदवा. सगळ्या गाडीवर आहे, एकाच भागावर आहे, की फक्त जुन्या ठोकेच्या जागी?

६. सगळ्यात महत्त्वाचं, तो कधी दिसला? रंग मारतानाच, काही दिवसांत, की काही महिन्यांनी? खालची यादी याच प्रश्नावर विभागली आहे.

## रंग मारतानाच किंवा त्याच दिवशी दिसणारे दोष

ओघळ. उभ्या भागावर रंग खाली वाहिल्यासारखा दिसतो. गन फार जवळ धरली, हात हळू फिरला, थिनर जास्त पडलं किंवा पत्रा थंड होता, यांपैकी काहीतरी झालेलं असतं. ओघळ क्लिअरकोटमध्ये असेल तर घाबरायचं कारण नाही. तो पूर्ण कडक होऊ द्यायचा, १५०० आणि मग २००० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करायचा आणि पॉलिश मारायचं. ओला असताना पुसायला गेलं की काम वाढतं. ओघळ बेसकोटमध्ये असेल, तर तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो.

संत्र्याची साल. पृष्ठभाग चकचकीत असतो पण बारीक खडबडीत, अगदी संत्र्याच्या सालीसारखा. रंग घट्ट राहिला, हवेचा दाब कमी पडला, गन लांब होती किंवा कडक उन्हात झटपट उडणारं थिनर वापरलं, की रंग पसरण्याआधीच सुकतो. क्लिअरकोट पुरेसा जाड असेल तर पेपर आणि पॉलिशने हे जातं. मात्र कंपनीच्या रंगातही थोडी साल असतेच, त्यामुळे तुलना शेजारच्या मूळ भागाशी करायची, आरशाशी नाही.

माशाचा डोळा. गोल, बशीसारखे खोलगट खड्डे, मध्ये खालचा रंग डोकावतो. कारण एकच, तेल किंवा सिलिकॉन. डॅशबोर्ड पॉलिश, टायर चमकवणारा स्प्रे, मेण, ग्रीस, कॉम्प्रेसरमधून येणारं तेल, यांपैकी कशाचाही अंश पुरतो. शेतीच्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फवारणीत मिसळायच्या काही स्टिकरमध्ये सिलिकॉन असतं आणि त्याच गाडीतून पंप आणि औषधं नेली जात असतील तर ते दारावर, डिकीवर लागू शकतं. खड्डे हँडलजवळ किंवा काचेच्या कडेलाच असतील तर सफाई कमी पडली. सगळीकडे विखुरलेले असतील तर हवेच्या पाइपवर संशय घ्या. गनमधून नुसती हवा पांढऱ्या कागदावर सोडा, तेलाचे किंवा पाण्याचे ठिपके पडले तर दोषी सापडला. उपाय म्हणजे सुकू देऊन घासणं, ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने एका फडक्याने पुसून दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपणं आणि मग पुन्हा रंग. ही सफाई पेपर मारण्याआधीही करायची. नाहीतर पेपर ते तेल ओरखड्यांत घुसवतो.

धुळीचे कण. काळ्या मातीच्या प्रदेशात उघड्यावर काम असेल तर हे आलेच. कण क्लिअरकोटच्या वरच्या थरात असेल तर बारीक पेपरने निघतो. घासूनही निघत नसेल आणि रंगाखाली दिसत असेल, तर तो आधीच पत्र्यावर होता, म्हणजे पुसणं राहून गेलं.

दुधाळ सावट. चमकीवर धुकं बसल्यासारखं पांढुरकं दिसतं. पावसाळी दमट हवेत झटपट उडणारं थिनर वापरलं की ते उडताना पृष्ठभाग थंड करतं आणि हवेतली वाफ ओल्या रंगावर जमते. हलकं असेल तर सुकल्यावर पॉलिशने जातं, खोल गेलं असेल तर तो थर पुन्हा मारावा लागतो.

सुरकुत्या. ओला रंग वाळक्या पानासारखा आकसतो आणि उचलला जातो. नव्या रंगातलं थिनर खालच्या कच्च्या किंवा वेगळ्या जातीच्या रंगाला खातं. जुन्या गाडीवर पूर्वी काय मारलं आहे हे माहीत नसेल तर आडजागी थिनरचं फडकं घासून पाहा. फडक्याला रंग उतरला तर खालचा थर थिनर सोसणार नाही, तो काढून टाकलेला बरा.

ढग आणि शेडचा फरक. सिल्व्हर किंवा मेटॅलिक रंगात गडद-फिके पट्टे दिसतात. चमकीचे कण ओल्या जाड थरात तरंगून गोळा झालेले असतात. हे पॉलिशने कधीच जात नाही, बेसकोट परत मारावा लागतो. शेड जुळली का हे ट्यूबलाइटखाली ठरवू नका. उजेड बदलला की जुळलेले दोन रंग वेगळे दिसू शकतात. दिवसाच्या उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरकं, असं तिन्हीकडून पाहा.

## बारीक भोकं तीन प्रकारची

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून वेगळं सांगतो.

बशीसारखा उघडा गोल खड्डा म्हणजे माशाचा डोळा. कारण तेल.

टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे किंवा फुटलेली भोकं, मुख्यतः बॉनेट, टप अशा आडव्या आणि उन्हात तापणाऱ्या भागांवर. ही थिनर अडकल्याची खूण. दोन कोटांमध्ये वेळ न देता जाड रंग चढवला, वरचा पापुद्रा आधी सुकला आणि आतलं थिनर तो फोडून बाहेर आलं.

खोल भोकं, पण फक्त ठोक काढलेल्या जागेवर. ही पुट्टीतली हवा. पुट्टी घोटताना बुडबुडे राहिले आणि प्रायमरने ते झाकले.

पहिल्या दोन्हीत नवा रंग घासून सपाट करावा लागतो, तिसऱ्यात पुट्टीपर्यंत जावं लागतं. भोकावर नुसता रंग मारून ते बुजत नाही, थोडं लहान होऊन पुन्हा दिसतं.

## काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसणारे दोष

चमक बसणं. डिलिव्हरीला आरशासारखी असलेली गाडी आठवड्यात मंद दिसू लागते. हार्डनर कमी पडलं, वेगळ्याच ब्रँडचं मिसळलं किंवा थिनर आत राहिलं. नख दाबून ठसा उमटत असेल तर रंग अजून कच्चा आहे. तो पक्का होईपर्यंत पॉलिश करू नका. नंतर केलं तर बऱ्याचदा चमक परत येते.

नकाशा उमटणं. ठोकेच्या जागी पुट्टीच्या कडा किंवा पेपरचे ओरखडे रंगातून दिसू लागतात. खालचा प्रायमर पुरता सुकायच्या आत वर रंग चढला किंवा जाड नंबरच्या पेपरनंतर बारीक पेपर मारलाच नाही. वरचा थर सुकताना आकसतो आणि खालची रेघ न् रेघ दाखवतो.

पिवळट डाग. फिक्या रंगाच्या गाडीवर नेमके पुट्टीच्या जागी डाग येतात. लवकर सुकावी म्हणून पुट्टीत हार्डनर जास्त घातलं की त्यातलं पेरॉक्साइड वरच्या रंगात चढतं. साधारण १०० ग्रॅम पुट्टीला २ ते ३ ग्रॅम हार्डनर पुरतं. डाग आल्यावर वरून रंग मारून उपयोग नाही, ती पुट्टीच काढावी लागते.

## महिन्यांनी, वर्षांनी दिसणारे दोष

फोड. सुरुवातीला सांगितलेला हाच तो दोष. रंगाच्या थरातून पाण्याची वाफ आत झिरपते. खाली क्षार, घामाच्या हाताचा ठसा किंवा ओली पुट्टी असेल तर तिथे ती पाणी ओढून घेते. पुट्टी स्पंजासारखी पाणी पिते, म्हणूनच पुट्टीवर पाणी लावून पेपर मारू नये, कोरडाच मारावा. बोअरचं क्षाराचं पाणी वापरून घासलं आणि नीट न पुसता रंग चढवला, तर क्षार आतच राहतात.

ओळखायचं कसं? एक फोड सुईने फोडा आणि भिंगातून पाहा. पाणी निघालं आणि खाली प्रायमर किंवा पुट्टी दिसली, तर ओल थरांत अडकली होती. खाली तपकिरी पत्रा दिसला तर तो गंज आहे. उन्हात फोड बसले म्हणून दोष गेला असं समजू नका. ओल गेली, पण चिकटलेपणा गेलेलाच आहे. असा भाग मुळापर्यंत काढणं हाच उपाय.

सोलणं. कोणता थर उघडा पडला ते पाहा. क्लिअर सोलून खाली शेड शाबूत असेल, तर क्लिअर पातळ होता, उशिरा मारला किंवा वर्षानुवर्षांच्या उन्हाने संपला. शेड सोलून प्रायमर दिसला तर प्रायमर घासलाच नव्हता. सगळंच निघून पत्रा चकाकला तर पत्र्याची तयारी चुकली. बंपरवरून पापुद्रे निघत असतील तर प्लास्टिकसाठी लागणारा वेगळा पकड-प्रायमर मारलेला नाही. आधीच सोललेल्या कडेला चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. जिथपर्यंत रंग पट्टीसोबत येतो, तिथपर्यंत तो काढायलाच हवा.

भेगा. वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा म्हणजे रंगावर रंग चढून जाडी फार झाली. ठोकेच्या जागी एक-दोन लांब भेगा म्हणजे पुट्टी जाड आहे. पत्रा ठोकून आधी जवळपास सरळ करायचा असतो, पुट्टी २-३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. जुनी गाडी घेताना अशी भेग दिसली तर खाली मोठा अपघात झाकला आहे का, हे विचारायलाच हवं.

गंजाचे फुगे. दाराच्या खालच्या कडेला आणि चाकाच्या कमानीवर येतात. गंज बहुतेकदा आतून बाहेर येतो. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. बाहेरून रंगवलं तर काही महिन्यांची शोभा, बाकी काही नाही.

बाहेरून आलेले डाग. हे पेंटरच्या माथी मारू नका. उन्हात वाळलेली पक्ष्यांची विष्ठा क्लिअरकोट खाते. बोअरच्या पाण्याचे थेंब वाळले की पांढरी कडी उरतात. डाग बोटाला लागत नसेल आणि पॉलिशने कमी होत असेल, तर तो वरवरचा. खड्डा लागत असेल तर क्लिअर खाल्ला गेला.

## धाडचं हवामान आणि रंगाची वेळ

विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरच्या या पट्ट्यात तिन्ही ऋतूंचे दोष वेगळे असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर हात ठेववत नाही. तेव्हा संत्र्याची साल आणि थिनरची भोकं जास्त. सकाळी लवकर काम करणं, हळू उडणारं थिनर घेणं आणि पत्रा सावलीत थंड होऊ देणं हा त्यावर उपाय.

पावसाळ्यात दवबिंदूचं गणित सांभाळावं लागतं. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. पत्रा त्याहून थंड झाला की त्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या किमान ३ अंश वर हवं, असा रंगकामातला नियम आहे. हिवाळ्यात पहाटे टपावर दव असतं आणि हार्डनर सुस्त चालतं, म्हणून तेव्हा ऊन वर आल्यावरच गन हातात घ्यावी. मोबाईलवरच्या हवामान ॲपमध्ये तापमान, आर्द्रता आणि बऱ्याचदा दवबिंदूही दिसतो. फुकटात मिळणारं याहून उपयोगी अवजार पेंटरकडे दुसरं नाही.

## वाद झालाच तर

काम देतानाच बिलावर चार गोष्टी लिहून घ्या. कोणते भाग रंगवले, पुट्टी कुठे भरली, रंग आणि क्लिअर कोणत्या ब्रँडचा आणि किती महिन्यांची हमी. काम चालू असताना उघड्या पत्र्याचे फोटो मागा. चांगल्या पेंटरला याचा त्रास होत नाही. उलट गंज आधीपासून होता हे त्यालाही याच फोटोंनी दाखवता येतं.

दोष दिसल्यावर घासण्याआधी तारखेसह फोटो काढा आणि गाडी आधी त्याच गॅरेजला दाखवा. तोडगा निघालाच नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

## एक दोष गाडीवर दिसत नाही

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात जातात आणि त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की अगदी थोड्या संपर्कानेही धाप लागते. वास येत नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे, असं इथे धरता येत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क हे अडवत नाही. यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा, शिवाय हातमोजे आणि चष्मा. गन चालू असताना शेडमध्ये पोराबाळांना, गिऱ्हाइकाला थांबू देऊ नये.

## लक्षात ठेवण्याजोगं

पॉलिशवर भागू शकतं: क्लिअरमधला ओघळ, संत्र्याची साल, वरची धूळ, मंद चमक, वरवरचे पाण्याचे डाग.

तो भाग पुन्हा रंगवावा लागतो: माशाचे डोळे, थिनरची भोकं, मेटॅलिकमधले ढग, उमटलेला नकाशा, क्लिअर सोलणं.

पुट्टी किंवा पत्र्यापर्यंत जावं लागतं: फोड, सुरकुत्या, भेगा, पिवळट डाग, पुट्टीतली भोकं, गंज, पत्र्यापासून सोलणं.

तिसऱ्या गटातल्या दोषावर कोणी पहिल्या गटाचा उपाय स्वस्तात देत असेल, तर तेच काम पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्यांदा पैसे देऊन करावं लागेल, हे धरून चाला.